‘नर्सिंगला टाकू’ म्हणण्याआधी

बारावीचा निकाल लागला, नीटचा स्कोअर हातात आला, की आपल्याकडे घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘एमबीबीएस काय निघत नाही, बीएएमएसची फी झेपणार नाही, मग नर्सिंगला टाकू.’

टाकू! गिरणीत दळण टाकतात, भिशीत पैसे टाकतात, तसं पोरीला नर्सिंगला टाकतात. औंध, पुसेसावळी, वडूज, मायणी, तिकडं आटपाडी, कुठंही जा, क्रियापद हेच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण ज्या अभ्यासक्रमाबद्दल घरात अर्धा तासही बोलणं झालेलं नसतं, त्यात अठरा वर्षांची पोर चार वर्षांसाठी जाते आणि पहिल्या दोन महिन्यांत हॉस्टेलवरून रडत फोन करते. मग घरचे म्हणतात, ‘जमत नसेल तर ये परत.’ माझं म्हणणं असं, की हा फोन बऱ्याच वेळा टाळता येतो. पहिल्या वर्षात काय वाढून ठेवलंय हे आधी नीट कळलं तर.

आधीच सांगते, मी नर्सिंग शिकलेली नाही. मी मास कॉमवाली. पण माझ्या अकरावी-बारावीच्या बॅचमधल्या तिघी आज नर्सिंगच्या वेगवेगळ्या वर्षांना आहेत आणि त्यांच्या व्हॉइस नोट्स ऐकून ऐकून मी शेवटी अभ्यासक्रमच काढून वाचला. भारतीय परिचर्या परिषदेनं म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलनं तो २०२१ मध्ये बदलला. आता बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं, आठ सेमिस्टर आणि क्रेडिटची पद्धत. तुमच्या शेजारच्या ताईनं आठ-दहा वर्षांपूर्वी केलेलं नर्सिंग आणि तुम्ही करणार ते, यात बराच फरक आहे. त्यामुळे तिच्या वह्या जपून वापरा.

पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग. दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन, हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स आणि फाउंडेशनचा दुसरा भाग. यादी वाचून वाटतं, हं, बारावीसारखंच आहे की. इथंच फसगत होते. कारण खरं पहिलं वर्ष म्हणजे नर्सिंग फाउंडेशन, आणि ते नुसतं वर्गात बसून होत नाही. पहिल्या सेमिस्टरला त्याचे १६० तास प्रत्यक्ष वॉर्डात, दुसऱ्याला ३२० तास. मिळून ४८०. आठ तासांचा दिवस धरला तर पूर्ण साठ दिवस होतात. शिवाय लॅबचे तास वेगळे. ज्या वयात इतर शाखांतली पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर ‘लेक्चरला बसू का नको’ ठरवत असतात, त्या वयात तुम्ही पांढरा युनिफॉर्म घालून कुणाच्या तरी आजोबांचं ब्लड प्रेशर मोजत असता. हजेरीचा नियमही कडक. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतातच, आणि पदवी हातात पडायच्या आत क्लिनिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. बुडवलेला वॉर्ड नंतर भरून द्यायचा. यमाईची यात्रा असो नाही तर घरचं लग्न. पास व्हायला इंग्रजी सोडून ५० टक्के हवेत, ३५ नाही.

सुरुवात साध्या गोष्टींनी होते आणि साधेपणामुळेच पुष्कळांचा हिरमोड होतो. हात धुणे. पलंगावर चादर घालणे. तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? माझी एक मैत्रीण पहिल्या महिन्यात वैतागून म्हणाली होती, ‘चादरीचा कोपरा घालायला शिकण्यासाठी मी बायोलॉजीत रात्री जागवल्या का गं?’ पण रिकाम्या पलंगावर चादर घालणं वेगळं आणि ज्याला कुशीवरही वळता येत नाही असा माणूस पलंगावर असताना, त्याला न दुखवता, त्याच्याखालची चादर बदलणं वेगळं. त्या चादरीला एक सुरकुती राहिली तर बेडसोअर व्हायला कारण मिळतं. पाठीला पडलेली ती जखम पुढं महिनोन्महिने भरत नाही. नर्सिंगमधल्या बऱ्याच गोष्टी अशाच असतात. बरोबर केलं तर काहीच घडत नाही, म्हणून कुणाला दिसतही नाही.

मग येतं तापमान, नाडी, श्वास, बीपी. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचे नियम, कशात काय टाकायचं, सुई कुठं. रुग्णाला उचलताना, वळवताना आपली कंबर कशी वाचवायची हाही अभ्यासाचाच भाग. (औंधच्या माणसांना हे सांगायला नको. आपल्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले आणि त्यावर इंग्रजीतही लिहिलं. रोज थोडे नमस्कार घालणारी मुलगी वॉर्डात कमी दमेल, असं माझं आपलं मत.) दुसऱ्या सेमिस्टरला रुग्णाची अंघोळ, तोंडाची स्वच्छता, नळीनं खाऊ घालणं, बेडपॅन देणं, ऑक्सिजन, औषधं कशी द्यायची, आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाची काळजी. हो, तेही पहिल्याच वर्षात. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही बहुधा पहिल्यांदा एखादा मृत्यू इतक्या जवळून बघता आणि त्यानंतर अर्ध्या तासात शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा चार्ट भरायचा असतो.

बेडपॅनचा विषय घरी कुणी काढत नाही, म्हणून मी काढते. परक्या माणसाची घाण काढायची, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, हे आपल्या घरातल्या मुलीला जमेल का, ही शंका आई-बापाच्या मनात असतेच, फक्त ती बोलली जात नाही. मैत्रिणी सांगतात, की किळस पहिल्या आठवड्यात जाते. लाज मात्र दोन्हीकडून असते आणि ती घालवायची नसते, सांभाळायची असते. आधी पडदा ओढायचा, काय करणार ते सांगायचं, जेवढं लागेल तेवढंच अंग उघडं करायचं. हे सगळं शिकवलं जातं, त्यावर मार्क असतात.

आता इंग्रजीचा बागुलबुवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना पहिल्या सेमिस्टरला हाच सगळ्यांत जास्त छळतो. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, मॅडम इंग्रजीत शिकवतात. अ‍ॅनाटॉमीच्या एका पानावर वीस नवे शब्द. बारावीपर्यंत शास्त्र इंग्रजीतून घेतलेलं असलं तरी ओळच्या ओळ लिहायची सवय नसते. हे खोटं नाही आणि ‘होईल सवय’ म्हणून उडवूनही लावू नये. निकालानंतरचे दोन-तीन महिने रिकामे असतात. त्यात रोज एक पान इंग्रजी मोठ्यानं वाचा, शरीराचे भाग, हाडं, साधी क्रियापदं पाठ करा. एवढ्यानं पहिली सेमिस्टर निम्मी हलकी होते.

पण गोष्टीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. वॉर्डात पेशंट इंग्रजी बोलत नाही. तो म्हणतो, ‘पोटात कालवतंय.’ कुणी म्हणतं मुरडा मारतोय, कुणी कळ येतेय, कुणाला चमक भरलीय, कुणाचा पाय ठणकतोय, कुणाला जळजळतंय, कुणाच्या हाताला मुंग्या, कुणाच्या छातीवर दडपण, आणि एखादी म्हातारी नुसतं ‘जिवाची घालमेल होतीया’ एवढंच सांगते. हे नऊ वेगवेगळे त्रास आहेत. ठणका वेगळा, चमक वेगळी. डॉक्टर राउंडला येईपर्यंत त्या म्हातारीजवळ उभी असते ती नर्सिंगची विद्यार्थिनी, आणि तिनं ‘घालमेल’ म्हणजे मळमळ, धडधड, की धाप, हे विचारून विचारून काढायचं आणि चार्टवर इंग्रजीत लिहायचं. दुखणं मोजायला शून्य ते दहा अशी पट्टी शिकवतात. ‘आजी, दहापैकी किती दुखतंय?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘लई दुखतंय बाई, त्ये आता दहात कसं सांगू?’ इथं माण-खटावची, आटपाडीची पोर कामाला येते. तिला ती भाषा घरातून आलेली असते. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलीला ‘आंग मोडून आलंय’ म्हणजे काय हे कुणाला तरी विचारावं लागतं. तुमच्या बोलीची कुणी टर उडवली तर हे लक्षात ठेवा. वॉर्डात तिचा उपयोग स्टेथोस्कोपइतकाच आहे. कॉलेजांनी खरं तर हे ओळखून कम्युनिकेटिव्ह इंग्लिशच्या जोडीला वॉर्डातल्या मराठीचेही तास घ्यायला हवेत. नर्सिंगला परप्रांतातून आलेल्या मुलीही असतात, त्यांना किती मदत होईल!

‘आपल्याकडं कुठं नर्सिंगची परंपरा?’ असं कुणी म्हटलं तर त्याला नकाशा दाखवा. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. शाळा सगळ्यांना माहीत आहे. पण १८९७ च्या प्लेगात त्या रोग्यांची सेवा करत होत्या, प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं आणि त्याच प्लेगनं १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रमाबाई रानडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याच्यामार्फत बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. घरंदाज बाईनं परक्याच्या जखमेला हात लावायचा, ही कल्पनाच त्या काळी लोकांना रुचत नव्हती. आणि मिरज तर आपल्या दाराशी. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, आणि पुढं तिथं नर्सेसचं प्रशिक्षणही सुरू झालं. औंध संस्थानातली किती माणसं बैलगाडीनं आणि रेल्वेनं मिरजेला उपचाराला गेली असतील! तेव्हा त्यांच्या उशाशी बसलेल्या नर्सबद्दल घरी येऊन ते चांगलंच बोलले असणार. तीच नर्स आपल्या घरातली असावी, असं मात्र वाटत नव्हतं. आजही बऱ्याच अंशी हेच आहे. कोविडमध्ये थाळ्या वाजवल्या आपण, आणि स्थळ बघताना ‘मुलगी नर्स आहे, रात्रपाळी असते’ म्हणून नाक मुरडतो. अशा घरी सून म्हणून न गेलेलंच बरं, हे आमच्या पिढीचं स्पष्ट मत.

मुलांबद्दलही दोन शब्द. नर्सिंग मुलींचंच, हा गैरसमज काढून टाका. बी.एस्सी. नर्सिंग मुलांनाही खुलं आहे. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि पुरुष पेशंट, विशेषतः म्हातारी माणसं, ब्रदर आला की सुटकेचा श्वास टाकतात. पोलीस भरती, सैन्य भरतीच्या मैदानावर चार-चार वर्षं घालवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांपैकी काहींनी तरी इकडं बघावं. आणि सैन्याचा विषय निघालाच आहे तर मुलींनो, सातारा जिल्हा फौजींचा म्हणून आपण छाती फुगवतो, पण मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस किती जणींना माहीत आहे? पुण्याच्या एएफएमसीसह लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांत अविवाहित मुलींना प्रवेश मिळतो, तिथं नीटचा स्कोअर लागतो, आणि शिक्षण पूर्ण झालं की थेट लेफ्टनंट म्हणून कमिशन. म्हणजे नीटमध्ये एमबीबीएस हुकलं तरी तो स्कोअर वाया गेला असं समजायचं कारण नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर नवख्या नर्सला छोट्या खासगी हॉस्पिटलात मिळणारा पगार कामाच्या मानानं कमीच असतो. याबद्दल चिडायलाच हवं. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. पदवी तीच, काम तेच. त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच भरतीच्या परीक्षांवर डोळा ठेवलेला बरा.

आता प्रवेश. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी असते. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी वीस. (फिजिक्सचे वीस का, हे मला अजून उमगलेलं नाही. पहिल्या वर्षात फिजिक्सचा स्वतंत्र पेपरच नाही.) इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूडचे मिळून चाळीस होतात आणि पोरं नेमकं त्यालाच गृहीत धरतात. पात्रतेला बारावीला इंग्रजीसह फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४०, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय सतरा पूर्ण. बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर सीईटीच्या अर्जाची मुदत निघून गेलेली असते, हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. त्यामुळे बारावीच्या डिसेंबरपासूनच सीईटी सेलचं संकेतस्थळ बघत राहा. सीईटीनंतर कॅप राउंड, त्यात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. कराडचं कृष्णा किंवा भारती विद्यापीठ यांसारख्या अभिमत विद्यापीठांची प्रवेशाची वाट वेगळी, त्यांचा अर्ज वेगळा. बारावीला विज्ञान नसेल तर तीन वर्षांचं जीएनएम आहे, ते झाल्यावर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. जीएनएमवाल्यांना कमी लेखणाऱ्यांनी कधी वॉर्ड पाहिलेला नसतो.

कॉलेज निवडताना चकचकीत इमारत आणि माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवा. तीन गोष्टी विचारा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि मुलींना पोस्टिंगला कुठल्या हॉस्पिटलात नेता? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं लागतं. जमलं तर एक दिवस आई-वडलांना घेऊन त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नुसतं जाऊन बसा. पेशंट आहेत का बघा. पेशंटच नसतील तर ४८० तास तुम्ही कुणाकडून शिकणार? आणि दोन-पाच हजार टोकन घेऊन ‘सीट फिक्स करून देतो, सीईटीची गरज नाही’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

फीचं एक. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, पोस्टिंगला जायचा-यायचा खर्च यातलं काहीच यात येत नाही. घरी बजेट मांडताना हा आकडा वेगळा लिहा, नाही तर नोव्हेंबरमध्ये मेसच्या बिलावरून भांडणं होतात.

कागदपत्रांत अडकणारे सगळ्यांत जास्त. डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, मेडिकल फिटनेस. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत भरून टाका, खटावकरांचा साताऱ्याला, आटपाडीकरांचा सांगलीला. उरलेल्या दाखल्यांसाठी औंधहून वडूजची एक फेरी ठरलेली आहे. ती निकालाच्या आठवड्यात करू नका, तेव्हा सेतूला जत्रा भरलेली असते. परीक्षा संपली, की लगेचच्या सोमवारी सकाळी जा. जाताना आधार, रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा, तिथल्या झेरॉक्सच्या दुकानातली लाइटही नेमकी तेव्हाच जाते.